कॉलेज सोडू, जेईई सोडू, की झोप सोडू?

विचारा, सांगते : विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरांचं पान

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात, कॉलेज देवरुखला. पावणेसातची एसटी पकडते, घरी यायला अडीच वाजतात. प्रॅक्टिकल असलं की साडेचार. आमच्याकडे आयआयटी प्रवेशाच्या जेईई परीक्षेचा क्लास नाही आणि रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला राहून करायची ऐपत नाही, म्हणून अकरावी संपताना मोबाईलवरच्या एका ऑनलाइन क्लासच्या बॅचला पैसे भरले. तिथे रोज दोन लेक्चर येतात. माझी सत्तरएक लेक्चर मागे राहिली आहेत. कॉलेजात रोटेशनल डायनॅमिक्स चालू आहे आणि बॅचमध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक्स संपत आलं. रात्री बारापर्यंत बॅच करते आणि सकाळी कॉलेजात झोप येते. जर्नल अपुरं आहे. घरी लावणी चालू आहे. आई काही म्हणत नाही, पण सगळी चिखलात असताना मला पुस्तक घेऊन बसायची लाज वाटते. दहावीला ९२ टक्के होते, अकरावीला गणितात मात्र १०० पैकी ४८ पडले. मैत्रीण म्हणते कॉलेज बंद कर, हजेरीचं बघून घेतात. दादा म्हणतो जेईईचा नाद सोड, इंजिनिअरिंगसाठी राज्याची सीईटी दे. बाबा म्हणतात एक वर्ष ड्रॉप घे. मी काय करू? रोज किती तास अभ्यास करावा?
– एक विद्यार्थिनी, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. तिघांचे तीन सल्ले नंतर बघू. आधी ते वाक्य बघ, जे तू जाता जाता लिहून टाकलंस : कॉलेजात रोटेशन आणि बॅचमध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक्स. तुझं निम्मं दुखणं तिथे आहे.

ती बॅच सीबीएसईच्या मुलांसाठी बेतलेली आहे. त्यांच्या बारावीच्या फिजिक्सचा पहिला धडाच इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा. आपल्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकात तो आठवा. उलट रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे त्या मुलांचं अकरावीत झालेलं असतं, आपल्याकडे बारावीचे पहिले पाच धडे त्यावरच आहेत. रे ऑप्टिक्स आपल्याकडे अकरावीला, त्यांच्याकडे बारावीला. केमिस्ट्रीत आयॉनिक इक्विलिब्रिया आणि थर्मोडायनॅमिक्सची तीच गत. म्हणजे बॅचमधले सर ‘हे तुमचं गेल्या वर्षी झालंय’ म्हणून जे सोडून देतात, ते तू अजून शिकलेलीच नाहीस. आणि तुला वाटतं, आपण मठ्ठ आहोत. सत्तर लेक्चर मागे राहिल्याचं दुःख करू नकोस. दोन वेगवेगळ्या क्रमाने दोन अभ्यास एकाच डोक्यात चालवायला निघालीस, तर कुणाचीही लेक्चर मागे पडतील.

तेव्हा पहिलं काम : बॅचचा क्रम सोडून दे. पैसे भरलेत, लेक्चर कुठे पळून जात नाहीत. इथून पुढे क्रम एकच, तुझ्या कॉलेजचा. कॉलेजात जो धडा चालू असेल, त्याच धड्याचं लेक्चर बॅचमधून शोधून बघायचं, आणि तेही सगळं नाही. थिअरी कॉलेजात कळली असेल तर फक्त गणितं सोडवून दाखवलेला भाग. उरलेल्या लेक्चरांचा तो लाल आकडा दिसला की पोटात गोळा येतो ना? त्याच्याकडे बघायचंच नाही. लेक्चर बघणं म्हणजे अभ्यास झाला, असा एक मोठा गैरसमज या मोबाईलने करून दिलाय. दुसऱ्याला पोहताना बघून आपल्याला पोहता येत नाही.

आता एकच धडा बोर्ड, सीईटी आणि जेईई या तिन्ही परीक्षांना कसा पुरतो ते रोटेशनवरच दाखवते, कारण आयुष्यभर मी हाच विषय शिकवला. या धड्यात बोर्ड तुला काय विचारतं? पॅरलल ॲक्सिस थिअरम लिहा आणि सिद्ध करा. बँक्ड रोडवरच्या गाडीची वेगमर्यादा काढा. मौत का कुवाँमध्ये मोटरसायकल खाली का पडत नाही, त्याची आकृती आणि समीकरण. इथे आकृतीला मार्क, पायरीला मार्क. सीईटी त्याच धड्यातून विचारते : भरीव गोळा आणि रिंग एकाच उतारावरून न घसरता गडगडत आले, तर त्वरणांचं गुणोत्तर किती? ज्याने पुस्तकातलं सूत्र समजून घेतलंय, तो मिनिटात सांगेल. गोळ्याचं उताराच्या घटकाच्या पाच सप्तमांश, रिंगचं निम्मं, म्हणून १० : ७. जेईई एक पाऊल पुढे जाते : एक भरीव चकती जागच्या जागी गरगर फिरवली आणि खडबडीत जमिनीवर अलगद टेकवली. आधी ती घसरेल, पुढे सरकू लागेल, आणि मग घसरणं थांबून नुसती गडगडेल. त्या क्षणी तिचा वेग किती? मुलं घर्षणांक शोधत बसतात. तो दिलेलाच नसतो, कारण लागत नाही. जमिनीवरचा एक बिंदू घे. घर्षणाची रेषा त्यातूनच जाते, म्हणून त्या बिंदूभोवती घर्षणाचा टॉर्क शून्य आणि अँग्युलर मोमेंटम कायम. दोन ओळीत उत्तर येतं : सुरुवातीच्या कोनीय वेगाला त्रिज्येने गुण आणि त्याचा एक तृतीयांश घे.

बघ, तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मोमेंट ऑफ इनर्शियाच आहे. कॉलेजच्या मॅडम थिअरम सिद्ध करत होत्या तेव्हा तू जागी असतीस, तर संध्याकाळी चकतीच्या गणिताला बसायला तुला लेक्चर लागलं नसतं. म्हणून रात्री बाराचं जागरण आधी बंद कर. तुझ्या दिवसातले सगळ्यात महागडे तास कॉलेजचे आहेत, ते तू झोपेत घालवतेस आणि तेच रात्री मोबाईलवर विकत घेतेस.

प्रत्येक धड्याचा शेवट असा कर : पुस्तकाचा स्वाध्याय पूर्ण लिहून, डेरिव्हेशन न बघता एकदा वहीत काढून, मग जेईईचा पहिला टप्पा असलेल्या मेनच्या जुन्या पेपरांतले त्याच धड्याचे पंचवीस-तीस प्रश्न. ॲडव्हान्स्डचे, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या टप्प्याचे, चार-पाच, तेही धडा आवडला असेल तर. जुने पेपर दोन्ही परीक्षांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट आहेत. आयआयटी कानपूरचं ‘साथी’ नावाचं मोफत व्यासपीठ आहे, त्यावर लेक्चर आणि सराव परीक्षा दोन्ही आहेत. पावसात तुमच्याकडे वीज आणि रेंज एकदमच जातात, तेव्हा जे लागेल ते देवरुखलाच उतरवून घेऊन घरी ये. जेईईची दोन जाड पुस्तकं घेतली असशील, तर त्यातलं एक कपाटात ठेव. दोन्ही पुरी होणार नाहीत, आणि अर्धवट राहिलेलं पुस्तक रोज टोचत राहतं.

तास विचारतेस, तर प्रामाणिक हिशेब सांगते. पहाटे उठून एसटी, अडीचला घर, जेवण, थोडी झोप (घेच), घरातलं काम. तुझ्या हाती रोजचे तीन तास उरतात, प्रॅक्टिकलच्या दिवशी दोन. यापेक्षा जास्त लिहिलेलं वेळापत्रक भिंतीवर शोभेल, पाळलं जाणार नाही. रँकवाल्या मुलांच्या मुलाखतीतले चौदा तास वाचू नकोस. त्यातल्या बहुतेकांना एसटी पकडायची नसते. तीन तासांत रोज तिन्ही विषय नकोत. एका दिवशी दोन, आणि त्यातला एक गणित, रोज. ४८ मार्क हे गणित कच्चं असल्याचं लक्षण आहे, पण अकरावीचं सगळं पुस्तक पुन्हा उघडायची गरज नाही. ट्रिगनॉमेट्री, सरळ रेषा, कॉनिक्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आणि लिमिट्स, एवढं दुरुस्त कर. यातलं ट्रिगनॉमेट्री आणि लिमिट्स आत्ता, कारण त्यांच्याशिवाय बारावीचं डिफरन्सिएशन पुढे सरकत नाही. बाकीचं दिवाळीच्या सुट्टीत. एसटीत उभ्याने अभ्यास होत नाही. खिडकी मिळाली तर डुलकी काढ.

आता मैत्रिणीचा सल्ला. कॉलेज बंद करायचं नाही. हजेरी ७५ टक्के लागते हा नियम बाजूला ठेवला, तरी हिशेब तुझ्याच विरुद्ध जातो. फिजिक्स आणि केमिस्ट्रीत प्रॅक्टिकलचे ३०-३० मार्क आहेत, गणितातही २०. आयआयटीत शिरायला नुसती रँक पुरत नाही. बारावीला ७५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५), नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, असावं लागतं. आणि जेईई मेनच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात प्रयोगांचा स्वतंत्र घटक आहे : व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब. फोनवर शिकणारी मुलं यात हमखास मार्क घालवतात, कारण झीरो एरर वजा करायची की मिळवायची हे स्क्रू गेज हातात धरल्याशिवाय डोक्यात बसत नाही. तुझ्या कॉलेजात ही उपकरणं आहेत. प्रॅक्टिकलला घाई करून एसटीसाठी पळू नकोस, रीडिंग स्वतः घे, शेजारणीचं उतरवू नकोस. जर्नल मात्र त्याच आठवड्यात लिहून सही घेऊन टाक. साठलेलं जर्नल जानेवारीत कसं छळतं ते पुढे वाच.

२०२५ चं वर्ष नमुन्यादाखल बघ. जेईई मेनचं पहिलं सत्र २२ जानेवारीला सुरू झालं, बोर्डाच्या प्रॅक्टिकल २४ जानेवारीला, लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला. म्हणजे सगळं एका महिन्यात अंगावर. मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेईईचं दुसरं सत्र, १९ एप्रिलपासून सीईटी, १८ मे रोजी ॲडव्हान्स्ड. तुझ्या वर्षी तारखा दोन-चार दिवस इकडेतिकडे होतील, घडी साधारण तीच. यावरून माझा सल्ला असा की जानेवारीचं सत्र दे, पण त्याच्यासाठी बोर्डाचा बळी देऊ नकोस. तोवर कॉलेजात जे धडे नीट झाले असतील, तेवढ्यांवर जा. दोन सत्रांतला चांगला स्कोअर धरतात, त्यामुळे तुझं काही जात नाही, संगणकावर तीन तास बसायची सवय होते. तिथून लेखी परीक्षा संपेपर्यंत फक्त बोर्ड. बोर्ड संपल्यापासून एप्रिलच्या सत्रापर्यंत जे पंधरा-वीस दिवस मिळतात, तो तुझा खरा जेईईचा मोसम. त्या दिवसांत नवं काही शिकायचं नाही, घड्याळ लावून पेपर सोडवायचे. एक जपून : सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही. जेईई मेनला बरोबरचे चार मिळतात, चुकीचा एक जातो. एकीची सवय दुसरीत नेलीस, तर मार खाशील.

वगळायचं काय, तेही सांगते. सॉलिड स्टेट, पॉलिमर आणि गणितातलं लॉजिक २०२४ पासून जेईई मेनमध्ये नाही. लिनिअर प्रोग्रॅमिंगही नाही. हे धडे बोर्डापुरते आणि सीईटीपुरते कर. त्यांच्यासाठी बॅचचं लेक्चर शोधू नकोस.

दादा आणि बाबा दोघांनाही हे उत्तर वाचून दाखव. दादाचं निम्मं बरोबर आहे : सीईटी द्यायचीच. तिचा ८० टक्के भर बारावीवर असतो, वर सांगितलेल्या पद्धतीने अभ्यास केलास तर ती वेगळी करावी लागत नाही, फक्त वेगाचा सराव लागतो. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ मार्क. पण त्यासाठी जेईई सोडायचं कारण नाही. ॲडव्हान्स्डला मेनमधले वरचे अडीच लाख बसतात. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गातून त्यासाठी ९३ च्या आसपास पर्सेंटाइल लागलं. हे तुझ्या आवाक्याबाहेरचं नाही. त्यापुढे आयआयटीच्या जागा १८ हजारांच्या घरात, ते गणित फार कडक आहे आणि ते आत्ता मांडत बसू नकोस. यंदा डोळ्यांसमोर मेन ठेव.

बाबांच्या ड्रॉपबद्दल मात्र जुलैत बोलायचंच नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे एकदा घरात ठरलं की यंदाच्या अभ्यासातला जीव जातो, मी हे घराघरांत पाहिलंय. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा देता येते, तो दरवाजा आपोआप उघडा आहे. जूनमध्ये निकाल हातात घेऊन चर्चा करा.

राहिली लावणी. लाज वाटते म्हणतेस, तर रविवारी सकाळी तास-दोन तास शेतात उतर, मनापासून, आणि मग घरी येऊन निर्धास्त बस. ना धड शेतात ना धड पुस्तकात, असं दिवसभर घुटमळण्यापेक्षा ते बरं. आईला स्पष्ट सांग, संध्याकाळी सात ते दहा मला हाक मारू नका, बाकी वेळ तुमची. आया ऐकतात. सांगितलं तर. गणपतीचं तर तुला मी काय सांगणार. गौरी-विसर्जनापर्यंत कोकणातल्या कुठल्याच घरात पुस्तक उघडत नाही, मुंबईचे चाकरमानी आलेले, माजघरात पाय ठेवायला जागा नाही. ते दिवस वेळापत्रकातून आधीच काढून टाक. त्यात अभ्यास धरलास की नुसती चिडचिड होते, आरतीलाही मन लागत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड. गणिताचं वेड आहे. शाळेतल्या सरांनी आयओक्यूएम या गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेबद्दल सांगितलं, तो आता दिवसभर तेच घेऊन बसतो. इतर विषयांच्या वह्या कोऱ्या. बोर्डाचं वर्ष आहे. त्याला थांबवू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : थांबवू नका. ही परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, दहावीची लेखी फेब्रुवारीत. मध्ये भरपूर महिने आहेत. तीन तासांत ३० प्रश्न, एकूण १०० मार्क, प्रत्येक उत्तर शंभराच्या आतली पूर्ण संख्या, चुकीला मार्क कापत नाहीत. कॅल्क्युलस लागत नाही. संख्याशास्त्रातलं नव्हे, तर संख्यांच्या गुणधर्मांचं गणित, भूमिती, बीजगणित आणि मोजणीची कोडी, एवढंच असतं. यात पुढे गेलेली मुलं नोव्हेंबरमध्ये आरएमओला, म्हणजे ऑलिंपियाडच्या विभागीय फेरीला, बसतात, तिथे सहा प्रश्न आणि तीन तास, उत्तराबरोबर सिद्धताही लिहावी लागते. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर आहेत.

अट मात्र घाला. शाळेचा त्या दिवसाचा गृहपाठ आधी, कोडी नंतर. आणि रोज एक प्रश्न, पण शेवटपर्यंत. उत्तरपत्रिका बघायची ती दुसऱ्या दिवशी. मुलगा दिवसभर ‘तेच घेऊन बसतो’ म्हणजे नक्की काय करतो, ते एकदा शेजारी बसून बघा. वहीत खाडाखोड दिसली तर उत्तम चाललंय. नुसते व्हिडिओ चालू असतील तर फोन काढून घ्या, कागद द्या. आणि क्लास लावू नका. या वयात गणिताचं वेड क्लासने जितकं झटपट उतरतं तितकं कशानेच उतरत नाही.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. अकरावी सायन्स इंग्रजीत झाली, चाललंय कसंबसं. जेईई मेन मराठीतून देता येते असं कळलं. देऊ का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : देता येते, २०२१ पासून. फॉर्म भरताना भाषा निवडायची, महाराष्ट्रातलं केंद्र घ्यायचं. पडद्यावर मराठीबरोबर इंग्रजी प्रश्नही दिसतो आणि भाषांतरात तफावत असेल तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. तू दोन वर्षं टॉर्क, फ्लक्स, इक्विलिब्रियम याच शब्दांत शिकतोयस. परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा ‘बल आघूर्ण’ वाचून दचकण्यापेक्षा इंग्रजीच बरी. तरी एकदा मराठी पेपर काढून दहा प्रश्न सोडवून बघ आणि फॉर्मच्या आधी स्वतःच ठरव. ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, तिकडे जायचा विचार असेल तर मग प्रश्नच मिटला.